वाड्याच्या माळवदावर दरसाल माती कोण घालणार?



मृगाचा पाऊस यायच्या आत आपल्याकडे एक काम ठरलेलं असायचं. धाब्याच्या घरावर चढायचं, वर उगवलेलं गवत उपटायचं, पांढरी माती आणून माळवदावर पसरायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. ज्या वर्षी हे राहून गेलं, त्या वर्षी घर गळायचं. तीन-चार वर्षं राहिलं, की तुळई कुजायची आणि खर्च दहापट व्हायचा. आता पुष्कळ घरांवर पत्रे आले, स्लॅब आले. पण हा हिशेब आपल्यापैकी कुणालाही शिकवावा लागत नाही.

आज आपण हाच हिशेब आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या, जुन्या वास्तूंना लावून बघणार आहोत. त्यांच्या माळवदावर आजवर माती कुणी घातली? पैसा कुठून आला? आणि आता कुठून येतो? गोष्ट सिंदखेड राजाची आहे. पण ज्यांच्या गावात एखादी गढी, बारव किंवा पडकं हेमाडपंती देऊळ आहे, त्या सगळ्यांची ती आहे.

सिंदखेड राजा म्हटलं की आपल्याला १२ जानेवारी आठवतो. १५९८ साली याच दिवशी जिजाऊंचा जन्म झाला असं आपण मानतो, आणि त्या दिवशी राजवाड्याच्या दरवाज्यातून माणसांची रांग संपत नाही. म्हाळसा महालात, जिथे जिजाऊ जन्मल्या असं सांगितलं जातं, तिथे बाया लेकींना घेऊन माथा टेकवतात. पण हे गाव त्या एका दालनापुरतं नाही. राजवाड्याखेरीज रंगमहाल आहे, काळाकोट आहे, पायऱ्यांनी उतरत जाणारी पुतळा बारव आहे, नीळकंठेश्वर आणि रामेश्वर ही देवळं आहेत. मोती तलाव आहे, आणि मधोमध इमारत असलेला चांदणी तलाव आहे. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांची भव्य समाधी आहे. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यावर, म्हणजे दौलताबादला, निजामशाहीच्या दरबारात लखुजीरावांची दगा करून हत्या झाली. अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि यशवंतराव हा नातूही त्यांच्याबरोबर मारले गेले. एका माहेरातली चार माणसं एका दिवसात गेली. त्या समाधीपाशी उभं राहिलं की जिजाऊंनी आयुष्यभर काय मनात वागवलं असेल, ते पुस्तकाशिवाय कळतं.

जुन्या वास्तूचं मोल हेच आहे. एकदा गेली की ती परत येत नाही. पुण्यातला लाल महाल पुष्कळ जणींनी पाहिला असेल. जिजाऊ आणि बाळ शिवाजी ज्या लाल महालात राहिले, तो मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला. आज दिसतो तो पुणे महानगरपालिकेनं बांधलेला आणि १९८८ साली पूर्ण झालेला. मोठ्या शहराकडे पैसा होता, त्यांनी आठवण म्हणून नवी इमारत उभारली. पण मूळ भिंत त्यांनाही आणता आली नाही. आपल्या सिंदखेडला मूळ दगड अजून जागेवर आहेत. म्हणून त्यांची काळजी घेण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त निकडीचा आहे.

आता पैशाकडे येऊ. जाधवांच्या काळी या सगळ्याचा खर्च जहागिरीच्या वसुलातून व्हायचा. तलाव फुटू नये, बारवेत गाळ साचू नये, यात जहागीरदाराचाही स्वार्थ होता, कारण पाणी असेल तर पीक आणि पीक असेल तर वसूल. देवळांना इनाम जमिनी असायच्या. त्या जमिनीच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, नैवेद्य आणि डागडुजी चालायची. म्हणजे वास्तू बांधतानाच तिच्या पोटापाण्याची सोय लावलेली असे.

ही सोय सगळ्यात नेमकी कुणी लावली असेल, तर ती एका बाईनं. अहिल्याबाई होळकरांनी काशी विश्वेश्वराचं देऊळ १७८० साली बांधलं, आपल्या जवळच्या वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा उभ्या केल्या. हे आपण ऐकलेलं असतं. कमी ऐकलेलं असतं ते असं, की हा खर्च राज्याच्या तिजोरीतून होत नसे. होळकरांच्या घराण्यात राणीच्या हाती स्वतंत्र ‘खासगी’ असे, म्हणजे वेगळी गावं, वेगळं उत्पन्न आणि वेगळा हिशेब. त्या खासगीतून अहिल्याबाईंनी बांधकामं केली आणि पुढच्या खर्चाच्या नेमणुकाही करून दिल्या. बचत गटाची वही सांभाळणाऱ्या बाईला यातली हुशारी चटकन कळेल. सणाला खर्च करायचा आणि महिन्याच्या वर्गणीचंही बघायचं. दोन्ही खाती वेगळी ठेवली, तरच गट टिकतो.

पुढे राज्यं बदलली. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. जुन्या जहागिरी आणि इनामं हळूहळू मोडली. वास्तू जागेवर राहिल्या, पण त्यांना पोसणारं उत्पन्न गेलं. आज आपल्या गावांत जी पडझड दिसते तिचं मोठं कारण हे आहे. लढाईत थोडं मोडलं. वर्षानुवर्षं कुणी लक्ष न दिल्यानं बरंच मोडलं.

इंग्रजांनी १८६१ साली जुन्या वास्तूंची पाहणी करणारं खातं काढलं. तेच आजचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. त्या खात्याचे हेन्री कझिन्स नावाचे अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात फिरले आणि त्यांची जुन्या अवशेषांची यादी १८९७ साली छापली गेली. १९०४ साली प्राचीन स्मारकं जपण्याचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर केंद्राचा नवा कायदा १९५८ साली आला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याचाही स्वतःचा कायदा झाला. त्यामुळे आज संरक्षित वास्तूंचे दोन वर्ग पडतात. काही केंद्राच्या ताब्यात, काही राज्याच्या.

सिंदखेड राजात हे दोन्ही वर्ग एका हाकेच्या अंतरावर आहेत. लखुजीरावांची समाधी केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. जिजाऊंचं जन्मस्थान असलेला राजवाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेरचा रस्ता, दिवे, गटार आणि कचरा नगर परिषदेकडे. तलावाचा प्रश्न निघाला की पाण्याची खाती येतात. आजूबाजूची राहती घरं लोकांची स्वतःची. पाहुण्याला हे एकच ऐतिहासिक गाव दिसतं. कागदावर मात्र प्रत्येक भिंतीचा मालक वेगळा आणि त्या मालकाच्या पैशाचा नळही वेगळा.

म्हणून कुठल्याही वास्तूबद्दल पहिला प्रश्न हा विचारायचा, की ही कुणाची आहे? त्यावरून पैसा कुठून मागायचा ते ठरतं.

केंद्राच्या यादीत देशभरातल्या साडेतीन हजारांहून अधिक वास्तू आहेत. आपल्या जिल्ह्यात लोणारची देवळं त्यात आहेत, मेहकरची जुनी धर्मशाळा आहे, १५८२ साली बांधलेली रोहिणखेडची मशीद आहे. इतक्या वास्तूंत एक वर्षाचा पैसा वाटायचा म्हटल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला काय येणार, हे सांगायला नको. राज्याचंही तसंच आहे. म्हणून राज्य सरकारनं ‘महाराष्ट्र वैभव’ नावाची योजना काढली. तिच्यात एखादी संस्था किंवा कंपनी ठरावीक वर्षांसाठी राज्य संरक्षित स्मारकाची देखभाल आपल्याकडे घेऊ शकते. धाराशिव जिल्ह्यातला नळदुर्ग अशाच रीतीनं दहा वर्षांसाठी एका कंपनीकडे दिला गेला.

तिसरा नळ आपल्या सगळ्यांत जवळचा, तो म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्री आणि जिल्हा नियोजन समिती जिच्यावर निर्णय घेतात ती. राज्य सरकारनं अलीकडच्या वर्षांत ठरवून दिलं आहे, की या योजनेतला ३ टक्क्यांपर्यंतचा निधी गडकिल्ले, देवळं आणि संरक्षित स्मारकांच्या जतनासाठी वापरता येईल. आणि याच योजनेत महिला व बालविकासासाठीही ३ टक्के ठेवायचे आहेत. एकाच थैलीतले हे दोन कप्पे आहेत. दोन्हींचं काय झालं, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

चौथा नळ शहराच्या स्वतःच्या आराखड्याचा. प्रत्येक नगर परिषदेला वीसेक वर्षांची विकास योजना करावी लागते. रस्ता कुठे, शाळा कुठे, बाजार कुठे, ते तिच्यात आखलेलं असतं. १९६६ च्या नगररचना कायद्यात असंही लिहिलं आहे, की ऐतिहासिक वास्तू आणि जुना परिसर यांच्या जपणुकीची तरतूद या योजनेत करता येते. प्रारूप योजना जाहीर झाल्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवतात, त्यासाठी ३० दिवस मिळतात. हा काळ बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातच येत नाही. नोटीस फलकावर लागते आणि उतरते. एकदा रस्त्याची रेघ बारवेवरून गेली, की नंतर आरडाओरडा करून फारसा उपयोग होत नाही.

मुंबईनं याच वाटेनं एक युक्ती काढली होती. १९९५ साली तिथे वारसा वास्तूंची नियमावली लागू झाली. अशी नियमावली करणारं ते देशातलं पहिलं शहर. इमारतींची यादी झाली, महत्त्वानुसार तीन श्रेणी ठरल्या, सल्ला द्यायला समिती नेमली गेली. पण ज्याचा जुना बंगला यादीत गेला, तो म्हणाला, मला वर मजले चढवता येत नाहीत, माझं नुकसान कोण भरणार? त्यावर तोडगा असा, की न बांधलेल्या मजल्यांचा हक्क त्यानं दुसऱ्या बिल्डरला विकावा. त्याला टीडीआर म्हणतात. जुनी वास्तू राहते, मालकाला पैसा मिळतो आणि सरकारची तिजोरीही वाचते. पण ही युक्ती मुंबईत चालते, कारण तिथे हवेतल्या जागेलाही भाव आहे. सिंदखेड राजात किंवा लोणारात चौथ्या मजल्याचा हक्क कोण विकत घेणार? त्यामुळे लहान गावांच्या वास्तूंना सरकारी निधी आणि येणाऱ्या पाहुण्यांचं उत्पन्न, हेच दोन आधार उरतात.

पाचवा नळ म्हणजे खास विकास आराखडा. मोठी घोषणा होते ती याचीच. लोणारसाठी २०२२ साली राज्य सरकारनं सुमारे ३७० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. सिंदखेड राजासाठीही गेल्या दहा-बारा वर्षांत शेकडो कोटींचे आकडे जाहीर झाले आहेत. असा पैसा येणं चांगलंच आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, सिंदखेड राजा आणि मेहकर त्यावर आले, आता नागपूर-मुंबईकडून माणूस सहज उतरू शकतो. पण आकडा ऐकला की आपण दुसरा प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे. यातला किती पैसा जुन्या भिंतीला आहे आणि किती तिच्या भोवतीच्या फरशीला?

सुशोभीकरण आणि जतन ही दोन वेगळी कामं आहेत. कारंजं, रंगीत दिवे, प्रवेशद्वार आणि पार्किंग म्हणजे सुशोभीकरण. भिंतीतला पिंपळ मुळासकट काढणं, फुगलेला चुना बदलणं, छतावरचं पाणी बाहेर घालवणं म्हणजे जतन. पहिल्याचं उद्घाटन होतं, फोटो येतो. दुसरं नीट झालं तर कुणाला दिसतही नाही.

जतनाच्या कामाला साहित्यही वेगळं लागतं. जुन्या भिंती चुन्याच्या आहेत. चुना घाणीत मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, कुठे उडदाचं पाणी घालायचं, आठवडेच्या आठवडे मुरवायचा. असा चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते आणि दगड-विटा पोखरते. वरून चकाचक, आतून पोकळ. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता मोजकेच उरलेत. त्यामुळे ते महाग पडतं, वेळ खातं. तरी करायचं तर तेच करायचं.

असं काम केलं की काय हाती लागतं, हे सिंदखेडनंच दाखवून दिलं. जून २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीजवळ पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाचं जतनाचं काम चालू होतं. जमिनीत काही दगड वेगळे दिसले. सावकाश खोदत गेल्यावर एका देवळाचा पाया उघडा पडला, मग सभामंडप लागला. आणखी खाली, सव्वादोन मीटर खोलीवर, शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. १.७ मीटर लांब, १ मीटर उंच. विष्णू शेषावर पहुडलेले, लक्ष्मी पाय चेपते आहे, आणि समुद्रमंथनाचा देखावा कोरलेला. ज्या जागेवरून माणसं कित्येक पिढ्या चालत गेली, तिच्या खाली हे होतं. विचार करा, कुणी आधीच तिथे काँक्रीट ओतून पेव्हर ब्लॉक बसवले असते तर? सौंदर्य वाढलं म्हणून टाळ्या पडल्या असत्या आणि मूर्ती तशीच गाडलेली राहिली असती.

आता एक अवघड गोष्ट बोलू. वास्तू जपण्याचा खर्च फक्त सरकार करत नाही. तिच्या शेजारी राहणारी माणसंही करतात. २०१० साली केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती झाली. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आली, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय बांधता येत नाही. नियमामागचं कारण खरं आहे. शेजारी चार मजले चढले, खोल पाया खणला गेला, तर स्मारकाला धोका होतो. पण एखाद्या विधवा बाईचं पडकं घर त्या १०० मीटरच्या आत आलं, तर तिनं काय करायचं? घरकुल मंजूर झालं, पहिला हप्ता आला, आणि मग कळलं की इथे पाया खणता येत नाही, तर तिच्या लेखी इतिहास म्हणजे गळकं छप्पर.

यात माहिती उपयोगी पडते. १०० मीटरच्या आतही राहत्या घराच्या दुरुस्तीला बंदी नाही, मात्र आधी परवानगी घ्यावी लागते. एकेकट्या बाईला तो अर्ज, नकाशा आणि हेलपाटे झेपत नाहीत. म्हणून अशा सगळ्या घरांची एकत्र यादी करून नगर परिषदेनं किंवा ग्रामपंचायतीनं पाठपुरावा करावा, अशी मागणी गटानं केली तर ती वाजवी आहे. शेजारच्या बाईच्या घराचा विचार ज्या आराखड्यात नाही, तो अर्धाच म्हणायचा. स्मारक राखणारे पहिले डोळे तिचेच असतात. रात्री कुणी दगड पळवतंय का, भिंतीवर नाव कोरतंय का, हे तिलाच दिसतं.

आणि रोजगाराचंही बोलायला हवं. अहमदाबादनं १९९७ साली जुन्या शहरातून पायी फिरून वास्तू दाखवण्याचा उपक्रम सुरू केला. एका देवळापासून निघायचं, पोळांतून, म्हणजे गल्ल्यांतून चालत, शेवटी जामा मशिदीपाशी यायचं. त्यासाठी इमारत बांधावी लागली नाही. माहिती सांगणारी माणसं तयार करावी लागली. २०१७ साली ते शहर जागतिक वारसा यादीत गेलं. आपल्या मुलींना राजवाड्यापासून पुतळा बारवेपर्यंतचा इतिहास नीट सांगता आला, गटाला स्वच्छ स्वयंपाकघर आणि पाहुण्या बायांसाठी चालू स्वच्छतागृह मिळालं, तर तो पैसा गावात राहील. आराखड्यात हे कलम आहे का, हे विचारायला हवं.

ज्या गावांत संरक्षित असं काही नाही, त्यांनी काय करायचं? सगळ्यात आधी आपली गढी आणि पांढरी बघायची. माळवदावर घालायची पांढरी माती आपण पिढ्यान् पिढ्या तिथूनच आणली. ती माती पांढरी असते, कारण तिथे शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, राख पडली. तिच्यात जुनी खापरं, मणी, नाणी असतात. तेव्हा टोपलीभर माती जायची. आता जेसीबी लावून ट्रॉल्या भरल्या जातात आणि अख्खी टेकडी दोन उन्हाळ्यांत सपाट होते. महिला ग्रामसभेत ठराव करून हे थांबवता येतं. गढी आणि बारव कुणाच्या नावावर आहे, ते सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये बघता येतं. बारवेतला गाळ काढायचा विषय आराखड्यात घालता येतो.

संरक्षित स्मारकाला मात्र स्वतः हात लावायचा नाही. श्रमदान म्हणून हौसेनं भिंत घासली, रंग दिला, सिमेंट थापलं, तर नुकसान होतं. वर तो कायद्यानं गुन्हाही ठरू शकतो. तिथे आपलं काम विचारण्याचं. गेल्या वर्षी या वास्तूच्या रोजच्या देखभालीवर किती खर्च झाला? पावसाळ्याआधी छतावरचं गवत काढलं का? राखणदार किती आहेत? माहितीच्या अधिकारात हा अर्ज १० रुपयांत होतो, आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेवढेही लागत नाहीत.

घरी जाऊन गटाच्या पुढच्या बैठकीत वहीचं एक पान यासाठी ठेवा. वर आपल्या गावातल्या जुन्या वास्तूंची नावं लिहा, आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने आखा. मालक कोण, मागच्या वर्षीचा खर्च किती, येत्या मृगाआधी काय करायला हवं. पहिल्या बैठकीत बहुतेक रकाने रिकामेच राहतील. ते भरायला कुठल्या कार्यालयात जायचं, ते आता आपल्याला ठाऊक आहे. तुमचं पान भरलं की आमच्याकडे जरूर पाठवा. आम्ही ते या कार्यक्रमात वाचून दाखवू, म्हणजे शेजारच्या गावालाही आपलं पान आखावंसं वाटेल.